मला सगळे फोटो दिसले

आंजी मोठी,
४ ऑगस्ट २०२५

ज्ञानेश्वर भाऊजी,

दरवेळी फोन ठेवताना तुम्ही म्हणता, "वहिनी, काही लागलं तर सांगा." तर आता लागलं आहे. फोनवरच विचारणार होते, पण तुमचे दादा म्हणाले, "त्या उलट्या-सुलट्या कंसाइले फोनवर काय म्हणशीन?" म्हणून ही मेल. तुमचा मोबाइल ती तुम्हाला वाचून दाखवतो, हे मला माहीत आहे.

आमच्या अकरा जणींचा भाजीपाल्याचा गट आहे ना, त्याची वेबसाइट मी केली. मी, स्वतः! वर्ध्याला जाऊन दीड महिन्याचा वर्ग केला. तिकडच्या खानावळी आणि वसतिगृहं आदल्या दिवशी मागणी नोंदवतील आणि आम्ही पहाटे भाजी पोचवू, असा बेत आहे. बायका रोज विचारतात, झालं का, झालं का. पण तुम्ही बघितल्याशिवाय मी ती उघडणार नाही. आंधळ्या माणसाला साइट वापरता येते का, हे तपासण्याची तुम्हाला पुण्यात नोकरी आहे. मग घरच्या साइटने काय पाप केलं?

अडलंय ते असं. अक्षर मोठं दिसावं म्हणून मी सगळीकडे मथळ्याचं एच-वन लावलं, ते चालतं का? मागणीचं बटण डिव्हचं केलं आणि हिरवं रंगवलं, फार गोड दिसतं. आणि फोटोच्या टॅगमध्ये ते ऑल्ट असतं, तिथे काय लिहायचं? आमचे सर म्हणाले, काहीही लिहा, ते कोणालाच दिसत नाही. मी "फोटो एक", "फोटो दोन" असं लिहिलंय.

आई शेजारी बसल्या आहेत. म्हणतात, "त्याले विचार, काही दिसून राह्यलं का?" मी म्हटलं, अहो आई, साइट अजून पाठवलीच नाही. तर म्हणाल्या, "तू विचार तं खरं." घ्या, विचारलं.

तुमची वहिनी,
छाया


पुणे,
६ ऑगस्ट २०२५

वहिनी,

नमस्कार नंतर करतो, आधी धक्का ओसरू द्या. काल तुम्ही पाठवलेलं पान उघडलं आणि मला वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर गप्प! एवढं मोठं पान, आणि त्यातून तुमच्या मोबाइल नंबरचे आकडे तेवढे बाहेर आले, तेही इंग्रजीत. क्षणभर वाटलं, आता कानही गेले.

दोष पहिल्याच टॅगमध्ये आहे. तिथे लँगपुढे "ईएन" आहे, म्हणजे तुम्ही यंत्राला सांगितलंत की हे पान इंग्रजी आहे. माझ्या इंग्रजी आवाजाला देवनागरी येत नाही, तो सगळं गिळून टाकतो. तिथे मराठीचं "एमआर" लिहा. "एचआय" लिहू नका, नाहीतर हिंदी बाई बोलायला लागते आणि आपली चवळी परकी होऊन कानावर येते.

एच-वन अक्षर मोठं करण्यासाठी नसतं हो. मी पान वरपासून खालपर्यंत ऐकत नाही, एक कळ दाबत मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारतो. सगळेच एच-वन म्हणजे लग्नपत्रिकेत सगळ्यांनाच प्रमुख पाहुणे छापल्यासारखं. पानाच्या नावाला एच-वन, त्याखालच्या भागांना एच-टू, आणि अक्षराचा आकार रंगरूपाच्या फाइलीत, सीएसएसमध्ये बदला. तुमचं गोड हिरवं बटण तर मला सापडलंच नाही. डिव्ह म्हणजे नुसता खोका, रंगवला म्हणून तो बटण होत नाही. बटणाला बटण टॅगच लावा, म्हणजे कीबोर्डवरूनही त्याच्यापर्यंत पोचता येतं. नाव-पत्ता लिहायच्या चौकटींना लेबलही नाही. आत फिकट अक्षरांत "तुमचे नाव" आहे, पण टाइप करायला लागलं की ते पळतं.

आता ऑल्ट. तुमच्या सरांना सांगा, ते मला दिसतं. मलाच दिसतं! फोटोच्या जागी रीडर मला तेच वाचून दाखवतो. शोभेची वेलबुट्टी असेल तर ऑल्ट रिकामं ठेवा, मी मुकाट पुढे जातो. पण माणसाचा फोटो असेल तर त्यात जे आहे ते लिहा. कोण आहे, काय करतंय, कुठे बघतंय. "सुंदर", "प्रसन्न" असली विशेषणं नकोत, त्यातून काही कळत नाही.

आईला सांगा, अजून काही दिसलं नाही, पण वहिनींनी मनावर घेतलं तर पुढच्या आठवड्यात दिसेल.

ज्ञानेश्वर


आंजी मोठी,
१९ ऑगस्ट २०२५

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मीच हादरले. पंधरा दिवस राबून केलेलं पान, आणि तुमच्या लेखी तिथे काहीच नव्हतं? दोन दिवस रुसून बसले. मग उठून सगळं दुरुस्त केलं. कोणत्या वारी कोणती भाजी, त्याचा तक्ता मी टॅबने ढकलून-ढकलून जुळवला होता. तोही मोडून खरं टेबल केलं, वारांना तक्त्यातल्या मथळ्याचं टीएच लावलं. ते बरोबर आहे ना?

ऑल्टने मात्र घाम काढला. फोटो आपण बघतो, म्हणजे काय बघतो हेच आपल्याला माहीत नसतं. गटातल्या जयवंताच्या फोटोला मी आधी "हसऱ्या जयवंता" लिहिलं. नीट बघितलं तर बाई हसत नव्हती, ऊन लागल्याने दात विचकत होती. आता लिहिलंय, "जयवंता, उन्हात डोळे बारीक करून, पालकाच्या दोन जुड्या धरून उभ्या." तिला वाचून दाखवलं, ती दोन दिवस बोलली नाही.

आईंचं असं लिहिलं: "देवकाबाई, गटातल्या सर्वात ज्येष्ठ, ओट्यावर भेंडी निवडत बसल्या आहेत. मान उजव्या खांद्याकडे वळवून डाव्या डोळ्याने कॅमेऱ्याकडे बघतात. भेंडीकडे लक्ष नाही, बोटांनी चाचपून जून भेंडी बाजूला काढतात." फोटोसाठी नखरा केला असेल, दुसरं काय.

"पुढच्या आठवड्यात दिसेल" हे तुमचं वाक्य आईंना सांगितलं. निवडणं थांबवून म्हणाल्या, "असं म्हणला तो?" मी म्हटलं, हो. मग पुन्हा निवडायला लागल्या.

साइट पुन्हा पाठवली आहे. आता काय ऐकू येतं ते सांगा.

छाया


पुणे,
२२ ऑगस्ट २०२५

वहिनी,

मला फोटो दिसले. सगळे दिसले! आई दिसली. बावीस वर्षांनी आई दिसली मला. हे तिला वाचून दाखवाच.

कचेरीत बसून ऐकत होतो आणि "बोटांनी चाचपून" इथे आल्यावर हेडफोन काढून ठेवावा लागला. अगदी तिची बोटं समोर आली. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, गावाहून फोटो आलेत. तो बिचारा बघतच राहिला असेल.

तुमच्याइतकं चोख ऑल्ट आमच्या मोठमोठ्या कंपन्या लिहीत नाहीत. टेबलही बरोबर, "मंगळवार, वांगी" असं जोडून वाचतं. बटण सापडलं, दाबलं, चालू आहे. साइट खुशाल उघडा.

एक विचारायचं राहिलं. आई मान वळवून का बघते? तिला फोटोची हौस कधी नव्हती, नखरा तर दूरच.

ज्ञानेश्वर


आंजी मोठी,
२ सप्टेंबर २०२५

भाऊजी,

तुमच्या पत्राने आमच्याकडे काय केलं, ते ऐका. आईंना वाचून दाखवत होते. "आई दिसली" इथपर्यंत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं. पुढचं काही त्यांनी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उठून कोरं लुगडं नेसल्या आणि तुमच्या दादांना म्हणाल्या, "मले गिरडले ने." दादांची फवारणी चालू होती, पण आई हटेनात. बस बदलून गेले, टेकडी चढले, दर्ग्यावर चादर घातली, आणि येताना गल्लीभर वाटायला रेवड्या आणल्या. मला वाटलं, साइट सुरू झाल्याचा आनंद. मी पण सगळ्यांना तेच सांगत रेवड्या वाटल्या. साइट खरंच छान चालली आहे, दोन वसतिगृहांची मागणी येते. एकाने फोन करून विचारलं, भाजीच्या यादीत सांबार कसा? त्याला सांगितलं, बाबा, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

तुम्ही मान वळवण्याचं विचारलं. ते ऑल्ट लिहिल्यापासून मला बघायची सवयच लागली आहे, तेव्हा आईंनाही बघत होते. त्या नेहमीच तशा बघतात. दाराच्या चौकटीला त्यांचा उजवा खांदा रोज लागतो, दंडावर काळं-निळं आहे. चहा ओतताना कपाच्या बाहेर जातो. गिरडच्या पायऱ्यांवर पडल्या म्हणे, गुडघा फुटला, पण हसत होत्या. परवा मला म्हणाल्या, "बल्बाच्या भवती रंगाचं कडं कोणं लावलं वं?" मी म्हटलं, आई, आता वय झालं.

छाया


पुणे,
२ सप्टेंबर, दुपार

वहिनी,

तुमचा फोन लागत नाही, दादाचा बंद आहे. हे दिसताच आईला घेऊन वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आजच. उद्यावर टाकू नका.

चौकट लागणं, कपाबाहेर चहा, दिव्याभोवती रंगाचं कडं. सतरा-अठराव्या वर्षी मला हेच झालं होतं, याच क्रमाने. हा काचबिंदू आहे. जे गेलं ते परत येत नाही, पण उरलेलं थेंबांनी राखता येतं.

आणि आता जे सांगायला हवं होतं ते सांगतो. माझे डोळे तापाने गेले असं घरात सगळे मानतात. चौदा वर्षांपूर्वी इथल्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं की तापाचा संबंध नाही, हे दुखणं रक्तातून येतं, घरच्या सगळ्यांना तपासून घ्यायला सांगा. मी सांगितलं नाही. बाबा होते तेव्हा, मोठी आत्या होती. खोट कोणाकडून आली, हा प्रश्न निघाला असता आणि बोट आईकडे गेलं असतं. तिच्या वडिलांना म्हातारपणी दिसत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला ते टोमणे ऐकावे लागू नयेत म्हणून मी गप्प बसलो. मला वाटायचं, मी तिला जपतोय.

चौदा वर्षं, वहिनी! मी काय करून बसलो?

दादाला आणि तुमच्या लेकीला, नंदिनीलाही तपासून आणा.

ज्ञानेश्वर


आंजी मोठी,
६ सप्टेंबर २०२५

भाऊजी,

फोनवर थोडं सांगितलं, पण खरं ते सांगितलंच नाही. आई जवळ होत्या.

उजवा डोळा पूर्ण गेला आहे. कधी गेला, कोणाला माहीत नाही. आम्ही एका छपराखाली राहतो, भाऊजी, एका ताटात जेवल्यासारखे, आणि मला माहीत नाही! डाव्याने नळीतून बघावं तेवढं दिसतं. थेंब रोज दोन वेळा, जन्मभर. घेतले तर आहे ते राहील, नाहीतर काही महिन्यांचं काम आहे. तुमचे दादा आणि नंदिनी यांना आज काही नाही, दरवर्षी दाखवायचं.

घरी येऊन मी बाटली उघडली, तर आईंनी डोळे घट्ट मिटले. मी म्हटलं, लहान मुलासारखं काय करता? त्यांनी हाताने बाटली उडवली. मग दार लावून घ्यायला सांगितलं, आणि जे बोलल्या ते तसंच लिहिते.

"छाया, त्याचे डोळे गेले तवा मी गिरडच्या बाबाले नवस बोलली व्हती. माह्या पोराले दे, माहे घे. बोलून दाखवला असता तं फिसकटला असता, म्हणून कोणाले नाई सांगतलं. वीस वर्स काई झालं नाई. मंग माहे जाऊ लागले. मी म्हटलं, आता त्याले येत असन. तुले रोज विचाराले लावत जाय. आता त्याची चिठ्ठी आली, त्याले फोटो दिसले, मी दिसली. देणं पुरं झालं. अन् तू थेंब टाकून माघारी घेतं? त्याचे जातीन नं वं, पोरी!"

भाऊजी, ते वाक्य तुम्ही लिहिलं आणि मी वाचलं, तीनदा. तुमचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा येतो. गल्लीभर रेवड्या वाटल्या मी. कशाच्या, तर सासूचा डोळा गेल्याच्या!

तुमचे दादा म्हणतात, खोटं सांगू. "त्याचे डोळे आता पक्के झाले, थेंबानं जात नाईत," असं म्हटलं तर आई टाकून घेतील. तुम्ही सांगा.

छाया


पुणे,
८ सप्टेंबर २०२५

वहिनी,

"दिसलं" हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. मेल दिसली, बटण दिसलं, चूक दिसली. आम्ही सगळेच म्हणतो, दुसरा शब्द कुठून आणणार? पण आईला वाचून दाखवा असं मीच लिहिलं होतं. ऐकणारी कोण आहे, याचा विचार केला नाही, आणि तेच तर माझं काम आहे.

काल तिला फोन केला. सरळ म्हटलं, "आई, मले काईच दिसत नाई. पहिलेसारखंच हाय." ती हसली हो! म्हणाली, "डॉक्टरनं शिकवलं तुले असं बोलाले. माहा डोळा वाचवाले खोटं बोलतं," आणि फोन ठेवला.

दादाला सांगा, ते खोटं चालणार नाही. एक डोळा देऊन पोराला फोटो दिसले, तर दुसरा देऊन सगळंच दिसेल, असं तिच्या मनात आलं तर? तिला खरं कळलं पाहिजे, आणि ते फोनवर कळणार नाही.

मी येतो. गुरुवारी सकाळी वर्ध्याला उतरतो. दादाला स्टेशनवर पाठवा. रजा चारच दिवसांची मिळाली आहे.

ज्ञानेश्वर


आंजी मोठी,
१७ सप्टेंबर २०२५

भाऊजी,

सुखरूप पोचलात हे कळलं. आता जे तुमच्या तोंडावर सांगवलं नाही, ते लिहिते.

तुम्ही आलात आणि पहिल्याच दिवशी आईंना पुन्हा सगळं सांगितलंत. त्यांनी ऐकून घेतलं, मानलं नाही, थेंबही घेतले नाहीत. शुक्रवारीही तेच. शनिवारी दुपारी मात्र एकाएकी "टाक" म्हणाल्या. तुम्ही मला विचारलंत, वहिनी, काय झालं? मी "माहीत नाही" म्हटलं. ते खोटं होतं. मी तिथेच होते.

तुम्ही ओसरीवर खुर्चीत बसला होता. नंदिनी तुमच्या पायाशी वही घेऊन बसली होती, तिला तुम्ही टेबलाच्या ओळी आणि रकाने समजावत होता. आई आतून आल्या. चपला काढून, भिंतीला हात लावत, आवाज न करता. तुमच्यासमोर हातभरावर उभ्या राहिल्या आणि मान वळवून तुमच्याकडे बघत राहिल्या. मग हात वर केला, तीन बोटं. तुम्ही बोलत होता. मग दोन बोटं. नंदिनीने वर बघितलं, मी तिला खुणेने गप्प राहा म्हटलं.

मग आईंनी पदर घेऊन तुमच्या तोंडासमोर इकडून तिकडे हलवला. तुम्हाला वारा लागला असेल, तुम्ही जरा मान वर केलीत. आईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी एक बोट पुढे केलं आणि सरळ तुमच्या डोळ्याकडे नेलं, हळूहळू, पापणीला लागेल इतकं जवळ. तुमची पापणी हलली नाही. तुम्ही नंदिनीला म्हणालात, "आता दिसलं का तुले?"

आईंनी बोट मागे घेतलं. तेच बोट दुसऱ्या हाताने मुठीत धरून आत गेल्या. मी मागोमाग गेले. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला म्हणाल्या, "त्याले नाई भेटले." मी म्हटलं, नाही आई. मग म्हणाल्या, "गिरडचा बाबा खोटा नाई. माहे तं गेले. मंग माहे कोठी गेले वं, छाया?"

मी बाटलीचं झाकण उघडलं. त्यांनी मान मागे टाकली आणि म्हणाल्या, "टाक." पहिला थेंब गालावर पडला.

आता सकाळ-संध्याकाळ थेंब घेतात, कुरकुर नाही, वेळ चुकली तर स्वतः आठवण करतात. पण दरवेळी मान मागे टाकली की तेच विचारतात. आज सकाळीही विचारलं. भाऊजी, आजवर माझ्या एकूण एक प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलंत. ह्याचं लिहा. मी त्यांना वाचून दाखवीन.

छाया